नवी काचही तडकली? एमजीबीच्या पुढच्या काचेचं किनाऱ्यावरचं दुखणं

तक्रार साधारण अशी असते. एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी इंग्रजी उघडी टू-सीटर गाडी, तिची पुढची काच तडकली. मालकाने इंग्लंडहून नवी मागवली, वाट बघितली, कस्टममधून सोडवली, बसवून घेतली. आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत नव्या काचेलाही तडा. खडा लागलेला नाही, कुणाचा धक्का नाही. रात्री पडवीत लावलेली गाडी सकाळी बघावी तर खालच्या कोपऱ्यातून वर चढलेली वीतभर रेघ. मग काच हलकी निघाली असा निष्कर्ष, पुरवठादाराच्या नावाने शंख, आणि आणखी एक काच. तीही जाते.

हलकी काच कधी निघतच नाही असं नाही. पण एकाच गाडीत, एकाच बाजूने, लागोपाठ दोन काचा गेल्या असतील तर तिसरी मागवण्याआधी थांबा. काचेला कुणीतरी पिळतंय. ते कोण, हे शोधायचं काम काच बदलण्यापेक्षा मोठं आहे. बहुतेक जण नेमकं तेच टाळतात, कारण काच पैसे टाकले की येते आणि चौकट तपासायला गाडी उघडून ठेवावी लागते.

इथे लिहिलेलं सगळं एमजीबीच्या उघड्या मॉडेलला धरून आहे, म्हणजे १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. तिची काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसते: दोन बाजूंचे उभे पिलर, वरची पट्टी, खालची पट्टी. ही पूर्ण चौकट बोल्ट काढून गाडीवरून उचलता येते. जीटी, म्हणजे पक्क्या छताच्या मॉडेलची काच पत्र्यात, रबराच्या गॅस्केटने बसते, तिचं गणित वेगळं. ट्रायम्फ हेराल्डवाल्यांसाठीही तेच. त्यांच्याबद्दल शेवटी दोन ओळी आहेत.

आधी तडा वाचा

तडकलेली काच काढून फेकण्याआधी तडा कुठून सुरू झाला ते नीट बघा. काचेवर बाहेरून नख फिरवा. काचेच्या मधल्या भागात कुठे बारीक खड्डा लागला आणि तिथून तारे फुटल्यासारख्या रेघा निघाल्या असतील तर खडा लागलेला आहे. कोकणात ते नवल नाही. मुंबई-गोवा महामार्गावर खडीचे डंपर आणि आतल्या रस्त्यांवर चिऱ्यांचे ट्रक, दोन्ही मागे काही ना काही सांडत जातात. अशा तड्याला चौकट जबाबदार नाही. काच बदला, ट्रकपासून लांब राहा, विषय संपला.

खड्डा कुठेच नाही आणि तडा काठापासून निघालेला आहे, तर ती ताणाची भेग. तिची खूण अशी की सुरुवातीचे दोन-तीन सेंटिमीटर ती काठाशी बहुतेक काटकोनात निघते आणि मग वळते. काच दाब बऱ्यापैकी सोसते, ताण सोसत नाही, आणि काठावर तर अजिबात नाही, कारण कापताना राहिलेले बारीक टवके तिथेच असतात.

आता सुरुवात काठावर नक्की कुठे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

खालचा कोपरा असेल तर संशय पिलरच्या बुडाशी: पिलर आणि बॉडीमधल्या चकत्या, चौकटीचा कोपरा, किंवा खाली सिल, म्हणजे दाराखालचा पत्र्याचा पोकळ कणा. वरच्या पट्टीच्या मधोमध, आरशाजवळ असेल तर मधला दांडा बघा. वरचा कोपरा असेल तर स्क्रू. तिथे एखाद्या मेकॅनिकने हाताशी आला म्हणून जरा लांब स्क्रू घातलेला असतो आणि त्याचं टोक काचेच्या काठाला टेकतं. हे इतक्या वेळा दिसतं की वरच्या कोपऱ्यातला तडा बघितला की मी दुसरं काही तपासायच्या आधी स्क्रू काढून त्याची लांबी बघतो. काठावर अर्धचंद्रासारखा टवका उडालेला असेल तर काच बसवतानाच कुठेतरी आपटली असणार, किंवा आडवी ठेवून आणली असणार.

काच काढण्याआधी तड्याचे फोटो काढा आणि सुरुवातीच्या जागी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने खूण करा. चौकट सुटी झाली की कुठला कोपरा कुठे होता हे खात्रीने सांगता येत नाही.

मीठ काय करतं

चौकट ॲल्युमिनियमची, तिला धरणारे स्क्रू आणि बोल्ट लोखंडी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल. अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खिडकीच्या स्लायडिंगच्या कोपऱ्यात जमणारी पांढरी भुकटी सगळ्यांनी बघितलेली आहे. मुख्य मुद्दा त्या भुकटीचा. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. स्क्रूच्या भोवती आणि काचेच्या खाचेत ती घट्ट भरत जाते, आणि खाचेत काचेसाठी ठेवलेली मोकळीक हळूहळू संपते. वरून रंग आणि चकाकी शाबूत असते, त्यामुळे शंका येत नाही.

मोकळीक का हवी? ॲल्युमिनियम तापलं की काचेपेक्षा अडीच पट प्रसरण पावतं. हिशेब सोपा आहे: एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ४० अंशांनी तापली तर साधारण ०.९ मिलिमीटर वाढते, तेवढीच काच ०.३६ मिलिमीटर. मे महिन्यात सकाळी सावलीत असलेली गाडी दुपारी बीचवर उन्हात उभी केली तर एवढा फरक सहज पडतो. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक रबराने गिळायचा असतो. खाचेत भुकटी दगडासारखी बसली असेल तर रबराला जागाच नाही, आणि चौकट वाढली-आकसली की काच एखाद्या टोकावर अडकते. मग जूनच्या पहिल्या सरीचं गार पाणी तापलेल्या काचेवर पडायला आणि तडा जायला एकच गाठ पडते. लोक म्हणतात पावसाने काच तडकली. पावसाने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

बंदरावर काम करणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला ओढून घेतलेल्या ट्रॉलरच्या प्रोपेलरजवळ जस्ताच्या वड्या बसवलेल्या दिसतात, त्या ह्याचसाठी. जस्त झिजतं, बाकीचं वाचतं. मालवणातल्या एका बोट फिटरने चौकट हातात घेऊन बघितली आणि एवढंच म्हणाला, "मीठ कायतरी खातलाच. तेका खाऊक जिंक दी, मगे तुझा अल्युमिनम वाचतला." जिंक म्हणजे जस्त. गाडीच्या चौकटीला जस्ताची वडी लावता येत नाही, पण स्क्रूच्या आट्यांत जस्त असलेली अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) भरता येते, आणि ती भरावीच. कॉपर ग्रीस मात्र नको. गॅरेजमध्ये तेच पुढे करतात, पण तांबं ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षाही वाईट.

सिल बघितल्याशिवाय काच मागवू नका

हा भाग कुणाला आवडत नाही. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. वर छत नाही. म्हणजे गाडी मधून वाकू नये याची जबाबदारी बहुतांशी दाराखालच्या दोन सिलवर आणि मधल्या बोगद्यावर, म्हणजे दोन सीटांच्या मधून जाणाऱ्या पत्र्याच्या उंचवट्यावर. सिल बाहेरून एक पत्रा दिसतो, आत आणखी थर आहेत, आणि गंज आतून येतो. पाणी बाहेर जायची भोकं तांबड्या मातीने बुजतात, आत ओला चिखल राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे तो चिखल वाळायला वेळ मिळत नाही. मग कुणीतरी जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवतो, पुट्टी, रंग, आणि गाडी "रिस्टोअर" होते.

अशी गाडी खड्ड्यातून गेली की दारापाशी मोडते आणि सरळ होते. काचेची चौकट दाराच्या पुढच्या टोकाला उभी, त्यामुळे प्रत्येक वाकण्याबरोबर पिलर हलतो. काच वाकत नाही, ती तडकते.

तपासणी सोपी आहे, पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागेवर उभी करा. दार आणि मागच्या पत्र्यातली फट वर किती, खाली किती ते मोजा. वरची फट खालच्यापेक्षा स्पष्ट कमी असेल तर गाडी मधून बसलेली आहे. मग जॅकच्या ठरलेल्या जागी जॅक लावून एक बाजू उचला आणि फट पुन्हा मोजा. दार उघडून बघा, परत लावून बघा. फट बदलली, दार अडायला लागलं, कडीपाशी घासायला लागलं, तर काचेचा विचार तूर्त सोडा. आधी सिल. आणि सिल कापताना गाडीला खालून नीट आधार आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घेतल्याशिवाय कुणालाही ग्राइंडर लावू देऊ नका, नाहीतर वाकलेल्या आकारातच गाडी कायमची जोडली जाईल. गाडी फारच गेलेली असेल तर एमजीबीची पूर्ण नवी बॉडीशेल १९८८ पासून मूळ साच्यांवर बनून मिळते. ती आणण्याचा खर्च ऐकून मात्र सिलचं वेल्डिंग स्वस्त वाटायला लागतं.

बाकीचे संशयित

मधला दांडा: वरच्या पट्टीपासून खाली डॅशबोर्डच्या वरपर्यंत येणारा बारीक दांडा, ज्यावर आरसा असतो. त्याचं काम वरची पट्टी थरथरू न देणं. तो शोभेचा समजून काहीजण बसवतच नाहीत, आणि काहीजण एवढा आवळतात की पट्टी मधून खाली ओढली जाते. सगळी चौकट पक्की झाल्यावर सर्वांत शेवटी तो लावायचा, आणि हाताला ढिला लागणार नाही इतपतच.

हूड, म्हणजे कापडी छत: नवं कापड शिवून घेतलं की ते सुरुवातीला तोकडंच वाटतं. पुढच्या कड्या जोर लावून ओढून बसवल्या तर प्रत्येक वेळी चौकट मागे खेचली जाते. नवं हूड उन्हात ताणून मगच कड्या लावा.

माणसं: गाडी बुटकी आहे. उतरताना हात आपोआप काचेच्या चौकटीवर जातो आणि अख्खं वजन तिथे पडतं. लग्नाच्या वरातीला गाडी दिली असेल तर नवरदेव, करवली आणि फोटोग्राफर यांच्यापैकी कुणी ना कुणी ते केलंच असेल. गाडी माडाखाली लावणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. तिथे तड्याचं कारण शोधावं लागत नाही, ते सीटवर पडलेलं असतं.

कुठली काच घ्यायची

एमजीबीची काच वक्र आहे. त्यामुळे ती इथे सपाट काचेतून कापून मिळणार नाही, आयतीच घ्यावी लागते. त्याउलट एमजी टीसी किंवा टीडी ही एमजीबीच्या आधीची मॉडेलं असतील तर काच सपाट असते आणि जीपची काच कापून देणारा कुठलाही बरा काचवाला लॅमिनेटेड काच कापून देईल. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ थर, बहुधा ०.७६ मिलिमीटरचा. फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. ही कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांची, १९०९ चं पेटंट. टफन्ड (तापवून झटकन गार करून कडक केलेली) काच स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवली तर पुढच्या बाजूला ती लावू नका. ती फुटते तेव्हा एका क्षणात सगळी पांढरी होते आणि घाटात वळणावर समोरचं काही दिसत नाही. शिवाय टफन्ड काच नंतर कापता किंवा घासता येत नाही.

आलेल्या काचेवरचा शिक्का वाचा. युरोपीय प्रमाणाच्या काचेवर वर्तुळात ई आणि आकडा असतो. ११ म्हणजे ब्रिटनची मान्यता. सोबत ४३आर असतं, आणि लॅमिनेटेडसाठी रोमन दोन. शिक्का नसलेली काच परत पाठवा. पेटीतून काढताना काच कायम उभी धरा, उभीच ठेवा, खाली जाड कांबळं. काठावरून बोट फिरवा (हातमोजा घालून). टवका लागला तर ती बसवायच्या भानगडीत पडू नका, तोच पुढचा तडा.

काढणं

बॅटरी सोडवा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) असतो, हे इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा. पिलरचे पाय दोन्ही बाजूंना बॉडीच्या आत उतरलेले असतात आणि त्यांचे बोल्ट आतून, डॅशबोर्डच्या टोकांमागे आहेत. डॅशबोर्ड सोडवून थोडा मागे घेतल्याशिवाय पाना नीट बसत नाही. न सोडवता करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. बोल्टची डोकी गोल होतात. पाने इंची लागतात, मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि तोच घात करतो.

पिलर आणि बॉडीच्या मध्ये पातळ चकत्या असतील. डावीकडे किती, उजवीकडे किती, कुठली कुठे, हे लिहून ठेवा आणि त्या वेगवेगळ्या पिशव्यांत घाला. आधीच्या मिस्त्रीने त्या हरवल्या असतील तर तडा का गेला त्याचं उत्तर तुम्हाला इथेच मिळालं.

चौकट उचलल्यावर खरी कसोटी कोपऱ्यांच्या स्क्रूंची. हे दिसायला फिलिप्स वाटतात, पण त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत बरेचसे पोझीड्राइव्ह असतात. अधिकच्या चिन्हामध्ये चार बारीक रेघा दिसतील. त्याच मापाची बिट लावा. फिलिप्सची बिट घसरते आणि डोकं जातं. दोन-तीन दिवस आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहा. मग ते नीट पुसून हॉट एअर गनने ॲल्युमिनियम तापवा, ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सुटते. ज्योत लावू नका, काच अजून आत आहे. हातोडीच्या इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरने हलके ठोके. एवढं करूनही तुटला तर तुटला. मधोमध सेंटर पंच मारून ड्रिल करा, आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या. जवळ नीट लेथवाला नसेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा, तिथे असल्या बारीक कामाला कुणी हसत नाही.

चौकट सुटी झाली की खाचा साफ करा. इथे घाई करणाऱ्यांच्याच काचा पुन्हा तडकतात. बांबूची किंवा प्लास्टिकची पट्टी आणि नायलॉनचा ब्रश वापरा. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि गंजतात. धुण्याचा सोडाही नको, तो ॲल्युमिनियम खातो. पांढरी भुकटी पूर्ण निघून खाचेचा तळ हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. मग गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

बसवणं

आधी रबर न घालता चौकट नुसती जोडा आणि कर्ण मोजा. दोन्ही बाजू सारख्या असल्याने दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. नाही आले तर पिलर वाकलेला आहे, आणि तो काच बसवून सरळ होणार नाही.

काचेभोवतीचं रबर नवं घ्या, पण ते मूळच्यापेक्षा जाड असण्याची तयारी ठेवा. नव्या बनावटीची रबरं बऱ्याचदा तशी येतात. रबर लावून काच खाचेत हाताच्या दाबाने बहुतांश जाते का बघा. हातोडी लागत असेल तर रबर चुकीचं आहे. दुसरं शोधा किंवा धारदार ब्लेडने कोपऱ्यांत कमी करा. वंगण म्हणून भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात घालून. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, ग्रीस काही नको. तेलाने रबर फुगतं आणि पुढे महिनोन् महिने सरकत राहतं.

खालच्या पट्टीच्या बाहेरच्या खाचेत आणखी एक लांब रबर जातं, जे बॉडीवर टेकतं. ते चौकट सुटी असतानाच साबण लावून सरकवून घ्या. नंतर ते जात नाही. मग काचेला वरची आणि खालची पट्टी, त्यानंतर दोन्ही पिलर. कोपरे बंद होत नाहीत तेव्हा ट्रकवर सामान बांधायचा रॅचेट पट्टा खालून-वरून घालून अगदी हळू आवळा, एक दात, मग थांबा, रबर बसू द्या, मग पुढचा दात. स्क्रूचं भोक समोर आलं की पेस्ट लावून स्क्रू घाला. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ वर किनाऱ्याच्या हवेत तांबूस डाग पडतात. लांबी जुन्या मूळ स्क्रूइतकीच, वर सांगितलेल्या कारणासाठी. चारही कोपरे नुसते धरून ठेवा आणि मग आळीपाळीने आवळा.

गाडीवर चौकट उतरवायला दोन माणसं लागतात, तिसरा आत बसलेला बरा. खालचं रबर दाबलं गेल्याशिवाय बोल्टची भोकं जुळत नाहीत. दाबायचं ते पिलरच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंनी एकदम. वरच्या पट्टीच्या मध्यावर कुणी जोर दिला तर सगळी मेहनत पाण्यात. आतल्या माणसाने एका भोकात निमुळता ड्रिफ्ट (लोखंडी दांडा) घालून जुळवणी धरायची आणि दुसऱ्यात बोल्ट लावायचा. चकत्या होत्या तिथेच. आधी एका बाजूचे बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरी बाजू ओढून आणणं हा खालच्या कोपऱ्यातल्या तड्याचा हमखास मार्ग आहे. दुसरी बाजू चकतीविना पोकळ राहत असेल तर तेवढ्या जाडीची चकती घाला, बोल्टने फट बंद करू नका.

हल्लीच्या गाड्यांची काच युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवतात, त्यामुळे शहरातला काचवाला इथेही तेच सुचवेल. ऐकू नका. ही चौकट मोकळीकीवर चालते, चिकटवली की तापल्यावर जागाच उरत नाही आणि पुढच्या वेळी काच फोडूनच काढावी लागते. फटीत भरायचंच असेल तर न वाळणारं मस्टिक (लांबीसारखा मऊ भराव). व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही टाळा, ते धातूला गंजवतं आणि लॅमिनेटेड काचेच्या काठाला मानवत नाही. काठ दुधी व्हायला लागला की आत ओल शिरलीच समजा.

आणि तरी पायाशी पाणी

काच टिकली, पण पावसात पाय भिजतात, अशी दुसरी तक्रार लगेच येते. खालच्या कोपऱ्यांतून थोडं पाणी येणं ह्या गाडीला नवं नाही. पण चौकट पुन्हा उघडण्याआधी बॉनेटच्या मागची, काचेच्या पुढची हवेची जाळी बघा. त्या जाळीखालच्या पोकळीतलं पाणी एका नळीने खाली बोगद्याजवळ बाहेर पडतं. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही नळी पाल्याने हमखास तुंबते, पोकळी भरते आणि पाणी हीटरच्या बाजूने आत येतं. वरून पाणी ओतून खाली किती वेळात पडतं ते बघितलं की कळतं. नळी साफ असूनही ओल येत असेल तर आत वर्तमानपत्र पसरा आणि बाहेरून पाइपने आधी खालचं रबर, मग पिलरचं बूड, मग वरचे कोपरे असं खालून वर भिजवत जा. कागद कुठे पहिल्यांदा ओला होतो ती जागा. सगळीकडे एकदम पाणी मारून काही समजत नाही.

काम दसरा झाल्यावर काढावं. हवा कोरडी असते, रबर फार मऊ नसतं, फार कडकही नसतं. पावसाळ्यात जाडी ताडपत्री गाडीवर घट्ट बांधून ठेवण्यापेक्षा उघड्या पडवीत, वारा लागेल अशी गाडी ठेवलेली चौकटीला बरी. किनाऱ्यावर फिरवून आणली की काचेवरून कोरडं फडकं फिरवू नका, वाळूचे ओरखडे पडतात. आधी गोडं पाणी.

कागदपत्रांचं थोडक्यात: ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेतला नंबर घेता येतो, पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे चौकट कापून वेगळीच काच बसवायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, काळी फिल्म लावायची नाही.

हेराल्ड, ट्रायम्फचीच स्पिटफायर किंवा एमजीबी जीटी असेल तर चौकटीची ही कटकट नाही. तिथे गॅस्केट काचेला बसवून त्याच्या ओठात दोरी घालतात, काच बाहेरून दाबतात आणि आतून दोरी ओढत ओठ पत्र्यावर चढवतात. तिथे काच वारंवार तडकत असेल तर गॅस्केटखालचा पत्रा खरवडून बघा. गंजाचा फुगवटा नेमका तड्याच्या सुरुवातीच्या जागी सापडेल, आणि तो घासून, प्रायमर मारून, पूर्ण वाळल्याशिवाय नवी काच पेटीतून बाहेर काढू नका.